इचार करत बसलो होतो

आमच्या तर्जुमाबाबूंना "काय विचार करून राह्यले, बाबूजी?" असं विचारायची सोय नव्हती. ते चष्मा कपाळावर सरकवत आणि उलट विचारत, "कोनता इचार? तोलून राह्यलो, का रवंथ करून राह्यलो, का अंड्यावर बसलो आहो? नीट विचार, मंग नीट सांगतो." नवा माणूस गडबडून जायचा. जुने लोक त्या वाटेला जातच नसत, त्यामुळे बाबूजींशी कचेरीत दिवसदिवस कोणी बोलत नसे. त्यांना त्याचं वाईट वाटत असावं असं मला तरी कधी दिसलं नाही.

मी त्यांच्या हाताखाली टायपिस्ट म्हणून लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. पन्नास सालानंतरची ती वर्षं. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून तेव्हा एकच चांदा जिल्हा होता. आमची कचेरी त्याच भागातली. तिचं नाव मी सांगत नाही. पुढे जे सांगणार आहे त्याचा दोष माझ्यापलीकडे कोणावर जाऊ नये एवढंच. लोक जबान्या द्यायचे आपापल्या बोलीत. कोणी झाडीपट्टीचं मराठी बोले, अहेरीकडून कोणी गोंडी बोलणारा आला तर दुभाषी लागे, सिरोंच्याकडचे तेलुगूत बोलत. खटला वरच्या कोर्टात गेला की हे सगळं इंग्रजीत करून पाठवावं लागे. ते काम तर्जुमाबाबूंचं. ते हातानं लिहीत आणि मी टाइप करी.

बाबूजींना खुर्ची चालत नसे. लाकडाच्या डेपोतून आणलेला सागाचा एक ओंडका त्यांच्या टेबलामागे होता, त्यावर घोंगडीची घडी टाकून ते बसत. "खुर्चीत बसलं का हात पळते," म्हणत. "ओंडक्यावर बुड दुखते, मंग मानूस सबुरीनं लिवते." आणि दुसरा नेम असा की आज लिहिलेलं पान आज द्यायचं नाही. रात्रभर ते डिक्शनरीखाली दाबून ठेवायचं, सकाळी पुन्हा वाचायचं, मग टायपिंगला सोडायचं. आमचे हेडबाबू यापायी मेटाकुटीला येत. वरून स्मरणपत्रं येत आणि बाबूजींची पानं डिक्शनरीखाली मुरत पडलेली असत.

ती डिक्शनरी म्हणजे एक प्रकरणच होतं. जंगलखात्यातला एक गोरा साहेब देश सोडून निघाला तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. लोकांनी पलंग घेतले, बंदुकीच्या पेट्या घेतल्या. बाबूजींनी हे दोन जाडजूड खंड डोक्यावर घेऊन घर गाठलं. तिच्यात प्रत्येक शब्दाचं कूळ दिलेलं होतं. कुठून निघाला, वाटेत कुठे मुक्काम केला, नात्यात कोण कोण. मधली काही पानं वाळवीनं खाल्ली होती. एस अक्षर जवळजवळ संपूर्ण गेलं होतं. त्यामुळे एसवरून सुरू होणारा शब्द आला की बाबूजी हात झटकत, "हा बेवारशी आहे. याचं आपल्याले काई माहीत नाई."

पण त्यांना सगळ्या शब्दांचा नाद नव्हता. माणूस गप्प बसून मनात काही करतो, त्यासाठी इंग्रजीत जेवढे शब्द आहेत तेवढेच ते धुंडाळत. एका वहीत त्यांनी ते उतरवले होते. पॉन्डर म्हणजे तोलणं. मुळात वजनाचा शब्द. डेलिबरेट त्याच घरचा, त्याच्या मुळाशी तराजू. रूमिनेट म्हणजे सरळ रवंथ. ब्रूड म्हणजे कोंबडी अंड्यावर बसते ते. म्यूझ म्हणजे, काहींच्या मते, कुत्र्यानं तोंड वर करून वारा हुंगणं. कॉन्टेम्प्लेट म्हणजे जुन्या काळच्या शकुन बघणाऱ्यांनी आभाळाचा एक तुकडा आखून घ्यायचा आणि त्यातून पाखरं कशी जातात ते बघत राहायचं. कन्सिडरमध्ये म्हणे तारे आहेत. यावर बाबूजींचं भाष्य ठरलेलं होतं. "म्हनून तं साहेब अर्जावर 'विल बी कन्सिडर्ड' लिवते. चांदन्या दिसेस्तोवर अर्ज पडूनच राह्यते."

नुसतं पुस्तकात वाचून त्यांचं भागत नसे. शब्द तपासायला ते बाजारात, गोठ्यात, कुठेही जात. एकदा गावाबाहेरच्या पिंपळाखाली जनावरं बसली होती, तिथे मला घेऊन गेले. गाई चारणारा गायकी काठीवर हनुवटी टेकून उभा होता. बाबूजींनी त्याला विचारलं, "काऊन भाऊ, रवंथ करताना गाय कुठी पाह्यते?"

"कुठीच नाई."

"असं कसं? डोळे उघडे आहेत ना तिचे?"

"डोळे उघडे हायेत, पन पाह्यत नाई ना. खाल्लेलं परत येते तिच्या तोंडात. तिले नवं कायले पाह्यजे?"

बाबूजी एवढे खूश झाले की त्यांनी खिशातला पानाचा विडा काढून त्याला दिला. वहीत लिहिलं की रूमिनेट हा शब्द फक्त जुन्या गोष्टीच्या विचाराला वापरावा, पुढच्याला नको. तेंदूपत्त्याच्या हंगामात वजनकाट्याजवळ तासभर उभे राहून आले आणि म्हणाले, पॉन्डर करणाऱ्या माणसाचा हात हलला पाहिजे; काटा स्थिर झाला की पॉन्डर संपलं. हेडबाबूंच्या घरी कोंबडी खुडूक बसली होती. तिच्यासमोर उकिडवे बसलेले बाबूजी मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. हेडबाबूंच्या बायकोनं आतून विचारलं होतं, "कोंबडी पाहिजे काय तुमाले?" बाबूजी म्हणाले, "नाई बाई. तिचा चेहरा पाहून राह्यलो."

मी तेव्हा हसायचो. सगळेच हसायचे. एक वर्ष मी त्यांना सरळसरळ चक्रम समजत होतो, हे कबूल केलेलं बरं.

मग एका दुपारी धान कापणीचे दिवस असल्यामुळे कचेरीत पक्षकार नव्हते. चपरासीही शेतावर गेला होता. मी धीर करून विचारलं, "बाबूजी, एवढ्या शब्दांत हेच काऊन? इंग्रजीत झाडांची नावं आहेत, पाखरांची आहेत."

त्यांनी ओंडका थोडा माझ्याकडे सरकवला.

"तुझ्याएवढा होतो तवा मी दुसऱ्या एका कचेरीत होतो," ते म्हणाले. "दिवसाले चाळीस पानं काढत होतो. खुर्चीत बसून. साहेब लोकं मले पाहाले पाहुने आनत होते, पाहा म्हने, हा मानूस बोलन्याच्या वेगानं लिवते. एक जबानी आली. शेतातला गडी होता. भांडनात त्याच्या हातून एक मानूस गेलता. जबानीत होतं, मी रातभर इचार करत होतो. बस एवढंच. आता त्याले इंग्रजीत काय म्हनाचं? मले एक भारी शब्द येत होता, नवाच शिकलो होतो. मेडिटेट. मी लिवलं, ही वॉज मेडिटेटिंग ऑल नाइट."

त्यांनी बुडाखालची घोंगडी नीट केली.

"वकिलानं तोच शब्द धरला. रातभर मेडिटेट केलं, म्हंजे ठरवून केलं. मंग कागद वर गेले. फाशी झाली त्याले. मले कोनी काई म्हनलं नाई. उलट वरून शेरा आला, तर्जुमा उत्तम. शाबासकी भेटली रे मले."

"तुमच्या शब्दानं झाली असं कसं म्हणता? आणखी पुरावा असेल."

"असंन. नसंन. तेच तं. तो माझ्या शब्दानं गेला का असाही गेला असता, हे मले कोन सांगन? त्याले विचारता येत नाई, न्यायाधीशाले विचारता येत नाई." मग त्यांनी डिक्शनरीवर हात ठेवला. "हे घेतलं तवा पयले तोच शब्द काढला. औषध देनाऱ्या शब्दाचा भाऊबंद आहे म्हने तो. बरं करनाऱ्याचा. वाचलं अन् पुस्तक मिटलं."

त्या दिवसानंतर मी हसणं सोडलं. ओंडका, रात्रभर दाबलेली पानं, कोंबडीसमोर उकिडवं बसणं, सगळ्याचा मला उलगडा झाला. माझी आजी म्हणायची, ताकही फुंकून पितो त्याचं तोंड कधीतरी दुधानं पोळलेलं असतं. बाबूजींचं तोंड मात्र दुसऱ्याच्या मरणानं पोळलं होतं, आणि ते अजून थंड झालं नव्हतं.

त्यानंतर दीडेक वर्षानं ती जबानी आली.

वैनगंगेच्या अंगाला एक तलावाचं गाव आहे. तिथे तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, ढिवरांची वीस-पंचवीस घरं. तलावात मासे धरायचे, शिंगाडा लावायचा, पावसाळ्यात धानाच्या मजुरीला जायचं. त्यांच्यातल्या एका माणसानं आपल्या चुलतभावाला मारलं होतं. दुपारी चुलतभावानं त्याचं जाळं कापलं म्हणून वाद झाला. संध्याकाळी डोंगा, म्हणजे होडी, ढकलायच्या बल्लीचा एक घाव डोक्यात बसला आणि चुलतभाऊ जागीच गेला. मारणाऱ्यानं काही लपवलं नाही. त्याची जबानी दहा ओळींची होती आणि त्यातली मधली ओळ अशी: "दुपारपासून मी पाळीवर इचार करत बसलो होतो. दिवस बुडाच्या टाइमले तो आला. मी बल्ली हाणली."

खालच्या कोर्टानं फाशी सुनावली होती. दुपारी वाद झाला, संध्याकाळपर्यंत हा दबा धरून बसला, मग मारलं. असा निकालाचा अर्थ होता. फाशी कायम होण्यासाठी कागद वर जायचे होते आणि ते इंग्रजीत करायला पंधरा दिवस होते.

बाबूजींनी बाकीची सगळी फाइल आठ दिवसांत करून टाकली. त्या एका ओळीची जागा कोरी ठेवली. सकाळी ओंडक्यावर बसत, ती ओळ वाचत आणि संध्याकाळी कोरी जागा तशीच ठेवून घरी जात. डबा उघडत नसत. नवव्या दिवशी मला म्हणाले, "रविवारी काई काम आहे काय तुले? चाल माझ्यासंग. तो बसला कसा होता ते पाहू."

"आपण जायचं नसते, बाबूजी. आपलं काम कागदाचं."

"मांगच्या टाइमले कागदच पाह्यला मी," ते म्हणाले.

मोटारीनं अर्धी वाट आणि मग बैलबंडीनं अर्धी, असे आम्ही गेलो. जंगलातून रस्ता, मग एकदम तलाव. पाळीवर मोहाची झाडं होती. गावात आम्हाला बघून बायका आत गेल्या. एक म्हातारा ढिवर झाडाखाली जाळं विणत बसला होता, त्याच्याजवळ बाबूजी मातीतच बसले. कोण, कुठले, हे त्यांनी खरं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "त्याची बायको आतमधी आहे. पन ती आता बोलत नाई कोनासंग."

तेवढ्यात बाबूजींना पाळीवर एक माणूस दिसला. तिशीचा असेल. मांडीवर जाळं, आणि हात गाठी मारत होते. बाबूजी उठून त्याला हाक मारणार, तोच म्हाताऱ्यानं त्यांचा हात धरला.

"बोलू नोका त्याले, बाबू. तो बसला आहे."

"बसला म्हंजे?"

"सकारी भावासंग वाजलं त्याचं. राग घेऊन पान्यात जात नाई आमी. पाळीवर बसाचं, जाळ्याच्या गाठी माराच्या. राग उतरला का मानूस आपला उठते. तोवर त्याच्यासंग कोनी बोलत नाई. मायबी नाई, बायकोबी नाई."

बाबूजी खाली बसले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "अन् कोनी बोललं तं?"

"नाई बोलत कोनी."

"पन बोललं तं?"

म्हाताऱ्यानं जाळं खाली ठेवलं. "त्या दिवशी चुलतभाऊ बोलला ना. हा असाच बसून होता, दुपारपासून. चार गाठी राह्यल्या असतीन. तो आला, हासला, अन् जाळ्यावर पाय देल्ला."

"हे कोर्टात काऊन नाई सांगितलं तुमी?"

"आमाले विचारलं, पाळीवर बसला होता काय? आमी म्हनलं, होता. दुपारपासून होता काय? होता म्हनलं. खरंच होतं ते." म्हातारा आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता. "पाळीवर बसला म्हनलं का समजत नाई काय तुमाले?"

आम्हाला समजत नव्हतं. ज्यानं जबानी लिहून घेतली त्याला समजलं नव्हतं, सरकारी वकिलाला नाही, आरोपीला सरकारनं दिलेल्या वकिलाला नाही. आणि त्या माणसाला स्वतःला वाटलं होतं की आपण सगळं सांगून टाकलं आहे. मारू नये म्हणून बसलो होतो, हे त्यानं त्याच्या भाषेत सांगितलंच होतं.

परत निघायच्या आधी बाबूजी पाळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. मी बंडीवाल्याबरोबर झाडाखाली थांबलो. दीड-दोन तासांनी ते आले आणि चाकाला हात लावून उभे राहिले. "वहीतला एकबी शब्द तिथी बसत नाई रे," म्हणाले. "मी सगळे बसवून पाह्यले."

सोमवारी ते सकाळीच कचेरीत आले होते. मी पोचलो तेव्हा टेबलावर कागद होता आणि त्यावर ओळीनं शब्द लिहून खोडलेले. मेडिटेट सगळ्यात आधी खोडलेला, कागद फाटेस्तोवर. डेलिबरेट लिहिलं तर वकील म्हणेल, तोलून मापून मारलं. ब्रूड लिहिलं तर म्हणेल, राग उबवला. कॉन्टेम्प्लेट म्हटलं की इंग्रजी कानाला पुढे काहीतरी करायचा बेत ऐकू येतो. पॉन्डर, कन्सिडर, सगळे गेले. त्या सगळ्यांखाली एकच शब्द राहिला होता, आम्ही इंग्रजी पहिलीत शिकलो तो. थिंक. आय सॅट ऑन द बंड थिंकिंग. बंड म्हणजे पाळ.

"हाच?" मी विचारलं.

"याच्यात मानसाच्या मनातलं काई ठरवून ठेवलेलं नाई," बाबूजी म्हणाले. "पन हाबी पुरत नाई. म्हनून खाली टीप टाकली आहे."

टीप सहा ओळींची होती. भाषांतरकारानं स्वतः गाव पाहिलं आहे. त्या गावच्या ढिवरांत रागावलेल्या माणसानं तलावाच्या पाळीवर बसून राग शांत करायची रीत आहे. बसलेल्या माणसाशी कोणी बोलू नये असा दंडक आहे. मृत माणसानं तो मोडला असं गावकरी सांगतात. खाली सही. अक्षर नेहमीपेक्षा मोठं होतं. ते पान त्यांनी डिक्शनरीखाली ठेवलं, दुसऱ्या दिवशी काढलं आणि मला दिलं. मी टाइप केलं. बाबूजी त्या दिवशी डबा जेवले.

गठ्ठा हेडबाबूंकडे गेला. दुपारी त्यांनी मला एकट्याला बोलावलं आणि टीप असलेलं पान माझ्यासमोर ठेवलं. ते वाईट माणूस नव्हते, हे मी सांगून ठेवतो.

"हे जाऊ शकत नाई," ते म्हणाले. "तर्जुमा करनाऱ्यानं साक्ष देऊ नये. कोर्टापुढं जे बोललं गेलं तेवढंच इंग्रजीत कराचं. असं आपापल्या मनानं टिपा जोडाले लागलो तं उद्या कोनी खोटी जोडन. मंग? आन बाबूजींवर चौकशी लागन, पेन्शन जाईन. तू हे पान टीप सोडून पुन्हा काढ."

"बाबूजींना काय सांगू?"

"काई नोको सांगू. कायले त्यांचं मन मोडतो?"

मी पान पुन्हा काढलं. भीतीनं काढलं असं म्हणता आलं असतं. माझी नोकरी कच्ची होती, घरी मी एकटा मिळवता होतो. पण मला हेडबाबूंचं पटलंही होतं. कायद्यानं त्यांचं बरोबरच होतं. ती टीप त्या माणसाच्या वकिलाच्या हातात दिली असती, त्यानं गावकऱ्यांकडून तेच लिहून घेतलं असतं, तर नियमात बसलं असतं. एवढी साधी गोष्ट मला दोन वर्षांनी सुचली. तेव्हा सुचली नाही. तेव्हा मी कोरा कागद मशीनमध्ये घातला आणि पाच मिनिटांत काम संपवलं.

संध्याकाळी बाबूजींनी विचारलं, "गेली ना टीप?"

"गेली," मी म्हणालो.

पुढचे चार महिने बाबूजी रोज डाकेची वाट बघत. वही काढत नसत. कोणी "काय विचार करता?" म्हटलं तर ऐकूनच घेत नसत. मी त्यांच्यासमोर बसून टाइप करी आणि डाक आली की माझी ओळ चुकत असे. फाशी कायम झाली तर मी जगणार कसा, हा एकच प्रश्न मी त्या दिवसांत चघळत होतो, आणि तो गिळताही येत नव्हता.

निकाल आला. फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली होती. वरच्या कोर्टानं म्हटलं होतं की एकच घाव आहे, हत्यार हाताशी पडलेलं आहे, आणि आधी ठरवून बसल्याचं जबानीतून दिसत नाही. एवढंच. रीतीचा उल्लेख नव्हता. असणार कुठून?

बाबूजींनी निकाल तीनदा वाचला. मग टेबलावर डोकं टेकून रडले. साठीकडे झुकलेला माणूस कचेरीत सगळ्यांसमोर रडत होता आणि कोणी जवळ जाईना. शेवटी मीच गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं. "टिपेचं नाव नाई घेतलं त्याईनं," म्हणाले. "नाव घेता येत नसंन. पन वाचली. वाचल्याबिगर असं कोनी लिवते काय?"

मी म्हणालो, "वाचली असंन."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पस्तीस वर्षांनी बाबूजींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काही सैल झालेलं दिसत होतं. मी ते मोडू शकलो नाही. कदाचित त्यांच्या त्या एका साध्या शब्दानं खरंच जीव वाचवला असेल. कदाचित तो माणूस असाही वाचला असता. ते आता मला कोण सांगेल?

दुसऱ्या रविवारी ते मला पुन्हा त्या गावी घेऊन गेले. मी नाही म्हणून पाहिलं, तर म्हणाले, "तुझ्याबिगर कसं जमन? तू त्यात आहे ना." त्या माणसाची बायको यावेळी बाहेर आली. पंचविशीची असेल. तिला तलाठ्यानं काहीतरी सांगितलं होतं, पण तिला नीट कळलं नव्हतं. पदर तोंडाशी धरून ती उभी राहिली.

"म्हंजे जित्ता आहे?" तिनं विचारलं.

"जित्ता आहे," बाबूजी म्हणाले. "येईन परत. लय वर्सांनी येईन, पन येईन."

ती तिथेच खाली बसली. काही वेळानं उठली आणि बाबूजींच्या पायाशी वाकली. बाबूजी कोणाला पाया पडू देत नसत. ते दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"माझ्या नाई, बाई. मी नुसतं लिवलं होतं. यानं टाइप केलं म्हनून ते वर पोचलं. याच्या पाया पड."

मला बाजूला व्हायला जागा नव्हती, मागे बंडी होती. तिनं माझ्या दोन्ही पायांवर हात ठेवले आणि कपाळ टेकवलं. तिचे हात पाण्यात काम करणाऱ्या बाईचे होते, गार आणि खरखरीत. मी पाय ओढून घेतले तशी ती घाबरून वर बघू लागली. बाबूजी हसले आणि तिला म्हणाले, "लाजून राह्यला तो. पोरगा मोठा भला आहे."